घरटी एक सुपारी

गुणाजी घाड्यांवर अविश्वासाचा ठराव आला तेव्हा त्यावर पहिली सही त्यांच्या व्याह्यांची होती, आणि सही करायला पेन दिलं होतं गुणाजींच्याच सख्ख्या भावाने. पेनाची गोष्ट सहदेवने मागाहून स्वतःच दादाला सांगून टाकली. आपण दोन्हीकडचे आहोत हे दोन्हीकडे माहीत असलेलं बरं, असं त्याचं धोरण होतं.

ठरावाची चौदा दिवसांची मुदत उद्या संपत होती. उद्या रविवार. सकाळी दहा वाजता भांडुपच्या शाळेच्या हॉलमध्ये वडाखोलच्या मुंबईकरांची, म्हणजे वडाखोल ग्रामस्थ मंडळाची, खास सभा, आणि विषय एकच. अध्यक्षांनी मंडळाच्या लेटरहेडवर एस.टी. डेपोला पत्र लिहून गावात रात्री मुक्कामाला राहणारी वस्तीची गाडी खालच्या वाडीतून उठवली आणि वरच्या वाडीत, स्वतःच्या घरापुढच्या खळ्यापासून चाळीस पावलांवर नेऊन उभी केली. सबब त्यांना खुर्चीवरून काढावं.

सुलक्षणा दुपारी भांडुपच्या घरात तांदूळ निवडत बसली होती. सातवा महिना लागल्यापासून तिला ताट मांडीवर घेता येत नसे, ते ती पाटावर ठेवून निवडायची. ती खालच्या वाडीतली मुलगी, दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीत दिलेली. म्हणजे उद्या ठराव मांडणारे काशीराम तावडे तिचे वडील, आणि ज्यांच्यावर मांडायचा ते गुणाजी तिचे सासरे. लग्नात हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते, फोटोग्राफरने सांगितल्यावर पुन्हा एकदा रडले होते.

नोटीस आली त्या दिवशी गुणाजींनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या घरान माझ्यार अविश्वास आणलो, त्या घरात माझां नातवंड जन्माक येवचां नाय."

हा निरोप भांडुपहून दहिसरला एका दिवसात पोचला. तिथून काशीरामांचं उत्तर आलं, की मग मीही चेडवाला, लेकीला, न्यायला त्या घराची पायरी चढणार नाही. झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आईच्या हातचं खायचं, सव्वा महिना कुणाच्या चहाला उठायचं नाही, असं जे काय सुलक्षणाने मनात मांडून ठेवलं होतं ते दोन म्हाताऱ्यांनी एका एस.टी.पायी उधळून लावलं. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही गोष्टी निवडलेल्या तांदळात दिसत होत्या. खडे तसेच राहिले होते.

"तू टेन्शन घेऊ नको यार," चंद्रप्रकाश म्हणायचा. तिचा नवरा अंधेरीला एमआयडीसीत कामाला होता. घरात भांडण असलं की त्याला नेमका ओव्हरटाइम लागे. आजही लागला होता.

बाहेरच्या खोलीत सहदेवकाका आले होते. हातात पेपर होता.

"दादा, दिल्लीत पण हेच चाललंय बघ."

"थय पण येष्टी?"

"एस.टी. नाही रे. राष्ट्रपती आणि पंतप्रधान. दोघांचं पटत नाही म्हणतात. हे त्यांना घालवणार की ते ह्यांना, पेपरवाले रोज काय काय लिहितात. राष्ट्रपतीला काढायचं तर महाभियोग चालवावा लागतो."

"मगे काढतले?"

"कुठलं काढतात. अजून एकालाही नाही काढलं." सहदेवने चहाची बशी तोंडाला लावली. "बसलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे उठवणाऱ्याची कंबर जाते. पडला तर पडला. पण निसटला ना, तर मग तो दुप्पट जड होऊन बसतो."

सहदेवला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मंडळाची घटना त्यानेच लिहिली होती. मॅट्रिक पास झालेला तो वडाखोलातला दुसराच माणूस. अध्यक्षाला काढायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा त्याने वाचनालयातून देशाच्या घटनेचं पुस्तक आणलं आणि राष्ट्रपतीला काढायचं कलम जसंच्या तसं उतरवून काढलं. एक चतुर्थांश सह्या, चौदा दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश मतं. गुणाजींनाच ते सगळ्यात जास्त आवडलं होतं. आपल्याला काढायला दिल्लीइतका खटाटोप लागावा यात एक शान होती. त्याच वहीत पुढच्या पानावर सहदेवने आणखी एक कलम लिहिलं, की मंडळाच्या प्रत्येक सभेच्या अध्यक्षस्थानी अध्यक्षच राहतील. ही दोन पानं एकत्र वाचायची वेळ एकोणीस वर्षांत कुणावर आली नव्हती.

"म्हणजे उद्या खुर्चेर कोण?" गुणाजींनी विचारलं.

"तूच."

"माका काढूचा म्हणान जी सभा, तेच्या खुर्चेर मीच?"

"घटनेत तसंच आहे."

"मगे गाऱ्हाणां पण मीच घालतलंय."

"तूच. दुसरा घाडी कोण आहे?"

"तू आसस ना," गुणाजी म्हणाले. काशीरामने सहदेवला काय कबूल केलंय, ठराव पास झाला तर गाऱ्हाण्याचा मान कुणाला मिळणार आहे, हे गुणाजींना माहीत होतं. आणि त्यांना माहीत आहे हे सहदेवलाही माहीत होतं. सहदेवने बशीत उरलेला चहा फार लक्षपूर्वक संपवला.

गाऱ्हाणं हा शब्द आतल्या खोलीत ऐकला आणि सुलक्षणाचा हात तांदळात थांबला. वडाखोलची माणसं मुंबईत आली, गिरणीत लागली, संपात घरी बसली, पोरं इंग्रजी शाळेत घातली, पण गाऱ्हाणं सोडलं नाही. सभा असो की सत्यनारायण, आधी घाड्याने, म्हणजे ज्याच्या घराण्याकडे हा मान त्याने, नारळ हातात धरून गावच्या देवाला, रवळनाथाला, हाक मारायची, एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. एकदा तोंडातून व्हय गेलं की गेलं. ते देवाला दिलेलं असतं, मोडता येत नाही. आठ वर्षांपूर्वी गुणाजींनी अशाच एका गाऱ्हाण्यात, सगळे रंगात आलेले असताना, "ह्या दादू तावड्याची तंबाखू सुटांदे" असं मधेच घातलं होतं. दादू सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणाला, मग कपाळाला हात लावून बसला. त्याने आजतागायत तंबाखूला हात लावलेला नाही. तेव्हापासून तो सुपारी चघळतो.

"आई," सुलक्षणा सासूला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना मामांना. उद्या काहीही होऊ दे, मला माहेरी जायचंय."

जानकीबाई उद्याच्या सभेच्या चहासाठी आलं ठेचत होत्या. एकोणीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक सभेचा चहा त्यांनी केला होता.

"माझां कोण आयकता गो?" त्या म्हणाल्या. "मिटिंगेत बोलूक तोंड लागता. माझ्याकडे किटली आसा."

* * *

काशीराम तावडे शाळेच्या पायऱ्यांवर उभे राहून येणाऱ्या माणसांकडे ओठ हलवत बघत होते. मंडळात मत घराला एकच, घरटी एक सुपारी. देवाच्या फोटोपुढे होचा एक आणि नाहीचा एक असे दोन तांबे ठेवायचे, प्रत्येक घरच्या कर्त्याने दोन्हीत हात घालायचा आणि सुपारी एकात सोडायची, म्हणजे कुणी कुणाचं पाप पाहायला नको. घरं अठ्ठेचाळीस. लागतात बत्तीस सुपाऱ्या. खालच्या वाडीची तीस घरं त्यांच्या खिशात होती, आणि वरच्या वाडीतली चार घरं गुणाजींवर आपापल्या कारणांनी रुसलेली. चौतीस.

दोन जास्तीच्या होत्या, तरी काशीरामांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. गेल्या मे महिन्यात ते गावाहून परत येताना खालच्या वाडीपासून वरच्या थांब्यापर्यंत डोक्यावर ट्रंक आणि काखेत फणस घेऊन चढले होते. अर्ध्या घाटीत गुडघे बोलायला लागले. वर पोचून बघतात तर गुणाजी खळ्यातल्या बाकावर पाय पसरून बसलेले. गाडी आली तसे उठले, चाळीस पावलं चालले आणि चढले. वर म्हणाले, "व्याही, फणस बरो दिसता." त्या क्षणी ठराव जन्माला आला. सह्या नंतर झाल्या.

"एक सांगून ठेवतो," सहदेव त्यांच्या कानाशी लागला. "मतांची काळजी नको. पण आधी गाऱ्हाणं आहे, आणि ते दादा घालणार."

"घालूने. मी सगळ्यांका सांगलंय. आमच्या बाजूच्या एकानय तोंड उघडूचां नाय. व्हय नाय, काय नाय. गप ऱ्हवाचा."

"गाऱ्हाण्याला गप?" शेजारी उभ्या असलेल्या दादू तावड्याचा चेहरा उतरला. "देव रागावलो तर?"

"देव नाय रागावणा. गुणाजी रागावतलो."

"आणि समज हरलो?" दादूने विचारलं. "गाऱ्हाणां तोच घालता. फुडची सगळी वर्सां तो आमची नावां वगळून गाऱ्हाणां घालतलो. मगे काय?"

काशीरामांनी त्याला पुढचं बोलू न देता आत जाऊन बसायला सांगितलं. तेवढ्यात शाळेच्या फाटकातून त्यांची लेक येताना दिसली. एका हातात कपांची पिशवी, दुसरा हात कमरेवर. मागे जानकीबाई किटली घेऊन. लेक इतकी जड झाली असेल याची काशीरामांना कल्पना नव्हती. चौदा दिवस त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. ते पुढे झाले आणि पिशवी घ्यायला लागले. तिने दिली नाही.

"बाबा, आज जिंकलात तर मला न्यायला याल?"

"जिंकलंय तर तुझो सासरो धाडतलो काय तुका?"

"आणि हरलात तर?"

"हरलंय तर... हरल्या तोंडान कसो येव?"

"म्हणजे तुम्ही जिंकलात तरी माझं नुकसान, हरलात तरी माझंच," सुलक्षणा म्हणाली. "मग तुम्ही दोघं भांडताय कोणासाठी?"

ती आत निघून गेली. काशीराम तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. मागे फिरून सगळ्यांना सांगावं, चला, चहा पिऊ आणि घरी जाऊ, असंही वाटून गेलं. पण चौतीस घरांना शब्द दिला होता, आणि गुडघा अजून दुखत होता.

* * *

हॉलमध्ये डावीकडे खालची वाडी बसली, उजवीकडे वरची. मागच्या बाकांवर बायका. दोन्ही वाड्यांच्या मधे एवढी जागा सोडली होती की तिच्यातून एस.टी. गेली असती.

गुणाजींनी पांढऱ्या शर्टाला सकाळी स्वतः इस्त्री केली होती. गिरणी संपात गेली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मंडळाच्या सभेला, तेवढा तो शर्ट बाहेर निघे. बाकीचे दिवस ते फक्त एक बेकार म्हातारे होते, जे भांडुपच्या बाजारातून कोथिंबीर आणत. या हॉलमध्ये मात्र त्यांना अजून कुणी नुसतं गुणाजी म्हणत नसे. खुर्ची गेली तर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी करायचं काय, हा विचार गेले चौदा दिवस त्यांची पाठ सोडत नव्हता. एस.टी.चं पत्र लिहिलं ते चुकलंच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पत्रात त्यांनी खालच्या वाडीत व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावर येतं असं कारण दिलं होतं. खरं कारण एवढंच होतं, की एकोणीस वर्षं गावासाठी अर्ज करून गाडी आणली, आता म्हातारपणी एकदा तरी ती आपल्या दारात थांबावी असं वाटलं. पण हे कबूल कसं करायचं? ते सुद्धा व्याह्यासमोर.

ते उठले. नारळ हातात घेतला. सगळे उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पोटापाण्यासाठी तुझे पाय सोडून मुंबैत येवन ऱ्हवलीत, ती आज तुझ्या म्होरे उभी आसत, तेंची सेवा गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज फक्त उजवीकडून आला, तोही अर्धामुर्धा. डावीकडे सगळे दातावर दात दाबून उभे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गुणाजींना आपल्या आवाजानंतर शाळेचा पंखा ऐकू आला. त्यांना खरोखर लागलं ते.

मग त्यांची नजर दादू तावड्यावर गेली.

"हो दादू तावडो, ह्येचो झील दोन वर्सां नोकरीसाठी वणवण फिरता, त्येका ह्या म्हयन्यात बरीशी नोकरी लागांदे, रे म्हाराजा!"

दादूने काशीरामांकडे बघितलं. काशीरामांनी डोळे वटारले. पण पोरगा पोराच्या जागी आणि ठराव ठरावाच्या जागी.

"व्हय म्हाराजा!" दादू एकटाच ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला बरं वाटलं.

"ही शांताबाय, ह्येच्या चेडवाचां लगीन दोनदा ठरान मोडलां, तां तिसऱ्या खेपेक जुळान येवांदे, रे म्हाराजा!"

शांताबाई विधवा, घरची कर्ती, खालच्या वाडीतल्या सगळ्यात पक्क्या मतांपैकी एक. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." त्यांच्या आजूबाजूचे चारपाच जणही म्हणाले. लेकीच्या लग्नाला गप कोण राहणार?

गुणाजींना आता वाट सापडली. ते घराघरातून निघाले. कुणाचं पोट, कुणाची परीक्षा, कुणाची कोर्टकचेरी, कुणाच्या गाभण म्हशीचं सुखरूप सुटणं. एकोणीस वर्षं ज्याने अठ्ठेचाळीस घरांची दुखणी पाठ केली आहेत त्याला कागद लागत नाही. ज्याच्या घराचं नाव येई तो व्हय म्हणे, आणि एकदा तोंड उघडलं की ते मिटायला विसरे. शेवटी हॉलभर एकच माणूस तोंड मिटून उभा राहिला.

"आणि हे माझे व्याही काशीराम तावडे," गुणाजी हळू आवाजात म्हणाले. "ह्येंच्या गुडघ्याक भारी तरास आसा. त्या गुडघ्याक आराम पडांदे, आणि तेंका शंभर वर्सां आयुष्य दी, रे म्हाराजा!"

काशीरामांनी ओठ आवळले. पण मागच्या बाकावरून त्यांची बायको रुक्मिणी, जिला त्या गुडघ्यांना रोज तेल चोळावं लागे, खणखणीत ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि मग काशीरामही ओठातल्या ओठात काहीतरी म्हणालेच. माणूस स्वतःच्या गुडघ्यांविरुद्ध मत देत नाही.

आता अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरं आवाजात आवाज मिसळत होती. गुणाजींनी वेग वाढवला.

"वाकडीतिकडी नजर दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकाचे एकवीस कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो तुझो घाडी जसो एकोणीस वर्सां ह्या खुर्चेर बसलो, तसोच फुडची पाच वर्सां बसांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छत दणाणलं. मग हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर आपण काय बोललो ते उमटत गेलं. दादूने कपाळाला हात लावला. हे त्याला ओळखीचं होतं.

"ह्यां घटनेत बसता काय?" काशीराम सहदेववर उखडले.

सहदेवने वही पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. "गाऱ्हाण्यात काय मागावं याबद्दल घटनेत काही नाही. ती आपली चूक."

"तुझी."

"माझी," सहदेवने मान्य केलं.

गुणाजींनी आवाज अगदी मऊ केला. "आता ठराव मताक टाकूया. ज्येंका माझ्या इरोधात सुपारी घालूची आसात, तेनी खुशाल घाला. देव बघता हा."

दोन तांबे फोटोपुढे चकचकत होते. कुणी जागचं हललं नाही. देवाला आत्ताच व्हय सांगून लगेच त्याच्याच समोर नाय कसं म्हणायचं? मग कट्ट असा आवाज झाला. दादू तावड्याने खिशातून अडकित्ता काढून आपलं मत कातरलं होतं. अर्धं त्याने शेजाऱ्याला दिलं आणि अर्धं तोंडात टाकलं.

काशीराम खाली बसले. चौदा दिवसांत ते एवढे म्हातारे कधी दिसले नव्हते. त्यांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं, आणि सुलक्षणाने मान खाली घातली. हरल्या तोंडान कसो येव, हे त्यांचंच वाक्य दोघांना आठवत होतं.

* * *

जानकीबाई किटलीशेजारी बसून हे सगळं पाहत होत्या. नवरा जिंकला याचं त्यांना बरं वाटलं. खुर्ची गेली असती तर हा माणूस महिन्याचे तीसही दिवस घरात बसला असता, आणि ते त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून त्या इतका वेळ गप्प होत्या. आधी त्याला जिंकू देणं भाग होतं.

पण सुनेची मान त्यांना दिसत होती. त्यांचं स्वतःचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. तेव्हाही गुणाजींच्या वडिलांचं आणि त्यांच्या वडिलांचं कशावरून तरी बिनसलं होतं. कशावरून ते आज कुणाला आठवत नाही. दोघेही म्हातारे गेले. जानकीबाईंना मात्र त्या वेळचा प्रत्येक दिवस आठवतो.

गुणाजींनी फोडायला नारळ वर उचलला. नारळ फुटला की गाऱ्हाणं संपतं. फुटत नाही तोवर ते चालू असतं.

जानकीबाई उठल्या. हात पदराला पुसले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," त्या म्हणाल्या.

गुणाजींचा हात वरच राहिला. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं वडाखोलात कधी कुणी ऐकलं नव्हतं. सहदेवने सवयीने वही उघडली, आणि काही सापडणार नाही हे कळून मिटली.

"एकोणीस वर्सां मी हय चाय वाटतंय, तुझ्याकडे काय एक मागूक नाय. आज मागतंय. ती वस्तीची येष्टी खालच्या वाडीतसून वर येवांदे, दोनय वाड्यांक थांबांदे, आणि डेपोक तसां पत्र ह्या अध्यक्षांनी सोताच्या हातान लिवांदे, रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालणारा कोण हे तोंडं बघत नाहीत. त्यांना फक्त शेवटचा म्हाराजा ऐकू येतो.

"व्हय म्हाराजा!" डावी बाजू गरजली, आणि उजवीही. चढ चढावा लागणारे नातेवाईक वरच्या वाडीलाही होतेच.

गुणाजी काहीतरी बोलायला गेले. जानकीबाईंनी त्यांना श्वास घ्यायला वेळ दिला नाही. हे त्या त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

"आणि ही माझी सून सुलक्षणा, पयल्या बाळंतपणाक आपल्या म्हायेराक दयसराक जावांदे. तिचो बापूस तिका न्हेवक भांडुपाक येवांदे, आणि तिचो सासरो तिची पिशी घेवन तेंच्या दारापातूर पोचवक जावांदे. आणि दोघांनी हसत जावांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अठ्ठेचाळीस घरांचा आवाज. काशीरामांचा त्यात होता, आणि या वेळी तो ओठांत नव्हता. सुलक्षणा तोंडावर हात धरून रडत होती, आणि बोटांमधून हसू दिसत होतं.

सगळे गुणाजींकडेच का बघतायत ते त्यांना कळेना.

"दादा," सहदेव हळूच म्हणाला, "तू पण म्हणालास."

गुणाजींनी आठवून पाहिलं. एकोणीस वर्षं ते विचारत आले होते आणि लोक उत्तर देत आले होते. आज पहिल्यांदा विचारणारं दुसरं कुणी होतं, आणि तोंडातून व्हय केव्हा निघून गेलं ते त्यांचं त्यांनाही समजलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने निघालं होतं, असं दादू पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कपांत चहा ओतायला लागली होती.

"नारळ फोडा," जानकीबाई मान वर न करता म्हणाल्या. "चाय थंड जाता."